बारा गुणांची रात्र

२४ एप्रिल १९७४. लिस्बनमध्ये रात्रीचे अकरा वाजायला पाच मिनिटं होती. शहरातल्या एका रेडिओ केंद्रावर पाउलु द कार्व्हाल्यू या गायकाचं ‘ई देपोइश दु अदेउश’ हे गाणं लागलं. ‘आणि निरोपानंतर’ असा त्या नावाचा अर्थ. प्रेम संपल्यावर मागे उरलेल्या माणसाचं ते गाणं. घरोघरी ऐकणाऱ्यांना त्यात काही खटकण्याचं कारण नव्हतं. बराकींमध्ये रेडिओला कान लावून बसलेल्या तरुण लष्करी अधिकाऱ्यांसाठी मात्र ती ठरलेली खूण होती : तयार राहा. मध्यरात्र उलटून वीस मिनिटांनी दुसऱ्या केंद्रावर जुझे अफोन्सू यांचं ‘ग्रांदुला, व्हिला मोरेना’ लागलं आणि पलटणी रस्त्यावर आल्या. दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळपर्यंत पोर्तुगालमधली ४८ वर्षांची हुकूमशाही संपली होती. लोकांनी सैनिकांच्या बंदुकांच्या नळ्यांत लाल कार्नेशनची फुलं खोवली आणि क्रांतीला त्या फुलांचंच नाव पडलं.

खुणेसाठी हेच गाणं का निवडलं, याचं उत्तर इंग्लंडमधल्या ब्रायटन शहरात आहे. त्याआधी अठरा दिवस, ६ एप्रिलला, तिथे युरोव्हिजन गीतस्पर्धा झाली होती. स्वीडनच्या आबा या चमूनं ‘वॉटर्लू’ गाऊन ती जिंकली आणि पुढे जगभर नाव कमावलं. पाउलु द कार्व्हाल्यू पोर्तुगालकडून हेच निरोपाचं गाणं गायले होते. त्यांना मिळाले तीन गुण. सतरा देशांत आणखी तीन देशांबरोबर शेवटचा क्रमांक. पण स्पर्धेमुळे गाणं पोर्तुगालमध्ये सगळ्यांच्या कानावर होतं, शब्दांत राजकारणाचा लवलेश नव्हता, आणि ते रेडिओवर वाजलं तर सेन्सॉरच्या मनात पाल चुकचुकणार नव्हती. शेवटच्या क्रमांकावर आलेल्या गाण्यानं एक राजवट उलथायला हात लावला.

गोव्यात बसून ही हकिकत वाचताना ती आपल्याच अंगणात येऊन पोचते. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, तरी पोर्तुगालनं ते कागदावर मान्य केलं नव्हतं. हुकूमशहा सालाझारांच्या आणि त्यांच्यानंतर कायतानु यांच्या राजवटीच्या हिशेबी गोवा पोर्तुगालचाच होता. कार्नेशन क्रांतीनंतर ते बदललं. ३१ डिसेंबर १९७४ रोजी नवी दिल्लीत करार झाला आणि गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व पोर्तुगालनं मान्य केलं. पोर्तुगालतर्फे सही केली परराष्ट्रमंत्री मारियू सुआरिश यांनी. भारतातर्फे परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाणांनी. पेडण्यात जन्मलेले आपले पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर ऑगस्ट १९७३ मध्येच गेले होते. हा दिवस त्यांना पाहायला मिळाला नाही. पेडणे तालुक्यातल्या पत्रादेवीच्या सीमेवर १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोळ्या झेललेले कर्नेलसिंग बेनिपाल आणि इतर सत्याग्रही त्याच्याही किती आधी गेले.

म्हणून २०२५च्या मे महिन्यात आमच्या घरी युरोव्हिजनची रात्र करायची ठरली, तेव्हा मला त्यात परकं काही वाटलं नाही. या स्पर्धेचा एक धागा आपल्या अंगणापर्यंत येतो, हे पेडण्याच्या आणि डिचोलीच्या मुलांना कळायला हवं, असंच वाटलं.

स्पर्धेची रीत

युरोपातल्या सार्वजनिक प्रसारण संस्थांच्या संघानं ही स्पर्धा सुरू केली. दुसऱ्या महायुद्धानं उद्ध्वस्त केलेल्या देशांना एकाच वेळी एकच कार्यक्रम पाहता यावा, आणि थेट प्रक्षेपणाचं नवं तंत्रही पारखून घ्यावं, असे दोन हेतू. २४ मे १९५६ रोजी स्वित्झर्लंडमधल्या लुगानो इथे पहिली स्पर्धा झाली. सात देश, प्रत्येकाची दोन गाणी. यजमान देशाच्या लिस आसिया ‘रफ्रां’ गाऊन जिंकल्या. तेव्हा टीव्ही मोजक्याच घरांत होता, त्यामुळे बहुतेक लोकांनी ती रेडिओवरच ऐकली. २०२५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्याच बाझल शहरात ३७ देश उतरले, अंतिम फेरीत २६ गाणी झाली, आणि प्रसारण संघाच्या आकडेवारीनुसार १६ कोटी ६० लाख लोकांनी ती पाहिली.

गाणं तीन मिनिटांपेक्षा लांब नको. मंचावर एका वेळी सहापेक्षा जास्त माणसं नकोत. मुख्य गायन प्रत्यक्ष व्हायला हवं. प्रत्येक देश आपल्या आवडीच्या दहा गाण्यांना गुण देतो : एक ते आठ, मग दहा, आणि सर्वांत आवडलेल्याला बारा. ही पद्धत १९७५ पासून चालू आहे. २०१६ पासून परीक्षकांचे गुण वेगळे आणि प्रेक्षकांचे वेगळे जाहीर होतात. २०२३ पासून स्पर्धेत नसलेल्या देशांतले प्रेक्षकही इंटरनेटवरून कार्डानं थोडे पैसे भरून मत देऊ शकतात. त्यांची सगळी मतं मिळून एका देशाइतकं वजन. म्हणजे पेडण्यातल्या ओसरीवरून दिलेलं मतही मोजलं जातं.

या सगळ्यांत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो एक साधा नियम : स्वतःच्या देशाला मत देता येत नाही. लिस्बनमधल्या माणसाचं पोर्तुगालवर कितीही प्रेम असो, त्याला बारा गुण दुसऱ्याच कुणाला तरी द्यावे लागतात. त्यासाठी आधी दुसऱ्यांची गाणी ऐकावी लागतात.

युरोपात आणि ऑस्ट्रेलियात या रात्रीच्या घरगुती मेजवान्यांची एक परंपराच झाली आहे. चिठ्ठ्या टाकून प्रत्येक पाहुण्याला एक देश द्यायचा, त्यानं त्या देशाच्या झेंड्याच्या रंगाचे कपडे घालायचे, तिथला एखादा पदार्थ आणायचा आणि रात्रभर आपल्या हातानं गुण मांडायचे. ऑस्ट्रेलिया तर प्रेक्षक म्हणून इतका गुंतला की २०१५ पासून तो स्वतःच स्पर्धेत उतरला.

जागरणाचा मुलूख

अंतिम फेरी युरोपात रात्री नऊला सुरू होते, तेव्हा आपल्याकडे साडेबारा वाजलेले असतात. निकाल लागेपर्यंत साडेचार. एवढं कोण जागणार, अशी शंका शहरात येईल. आमच्याकडे ती कुणाला आलीच नाही.

पेडणे, डिचोली आणि सत्तरी हे तालुके पोर्तुगीजांच्या हाती आले ते अठराव्या शतकाच्या अखेरीस. त्याआधी इथे सावंतवाडीकर भोसल्यांचा अंमल होता. डिचोली तालुक्यातल्या नार्वे इथल्या सप्तकोटेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी केला. या नव्या काबिजादींत देवळं राहिली, देवळांबरोबर उत्सव राहिले आणि उत्सवांबरोबर रात्रीची जागरणं. दहीकाल्याला दशावतार रात्री उशिरा उभा राहतो आणि पहाटे दहीहंडी फुटेपर्यंत चालतो. सिंधुदुर्गातली दशावतारी मंडळं तेरेखोल ओलांडून येतात. राजाचं भाषण लांबलं तरी पुढच्या रांगेतल्या आजी जागच्या हलत नाहीत. पौषात बायका मांडावर धालो घालतात तेही रात्रीच. श्रावणातल्या भजनी सप्ताहात चोवीस तास टाळ थांबत नाही, पहाटे तीनची पाळी आली तरी पथक हजर असतं.

शिवाय इथे गाणं नुसतं ऐकत नाहीत, पारखतात. कला अकादमीची मनोहरबुवा शिरगावकर यांच्या स्मृतीला वाहिलेली भजन स्पर्धा असो की चवथीनंतर गावोगावी होणाऱ्या घुमट आरतीच्या स्पर्धा असोत, परीक्षकांच्या टेबलाइतकेच काटेकोर परीक्षक समोरच्या खुर्च्यांवर बसलेले असतात. पखवाजाची थाप सैल पडली, गौळण चढ्या लयीत सुटली, गजराला झिलकरी मागे राहिले, हे तिथल्या तिथे बोललं जातं. घुमट आरतीत घुमट, शामेळ आणि कासाळे यांचा मेळ क्षणभर सुटला तरी मांडवातल्या पोरांना कळतं. घुमटाचं मडकं कुंभाराच्या चाकावरचं. पूर्वी त्यावर घोरपडीचं कातडं ताणत, वन्यजीव संरक्षण कायद्यानं ते बंद झालं आणि आता बकऱ्याचं कातडं लावतात. जाणकाराला दोन्हींच्या नादातला फरक डोळे मिटून सांगता येतो. २०१९ मध्ये घुमटाला गोव्याच्या वारसा वाद्याचा मान मिळाला.

असा कान असलेल्या माणसांना युरोपची गाणी ऐकवायची, तर कार्यक्रम त्यांच्याच रीतीनं व्हायला हवा होता.

चिठ्ठ्या, ताटं, गुणपत्रिका

कल्पना माझ्या भाचीची. ती डिचोलीची, महाविद्यालयात शिकते. ही स्पर्धा ती आजवर मोबाईलवर एकटीच पाहायची. “मामी, हे एकट्यानं पाहायचं नसतं,” असं तिनं सांगितलं आणि यादी करायला बसली. भजनी मंडळातल्या काकी आणि त्यांच्या तिघी मैत्रिणी, शेजारचा घुमट वाजवणारा तरुण, बोटीवरून सुट्टीवर आलेले आमचे तारवटी भावजी, जाऊबाई, वाड्यावरची मुलं आणि संगीत शिकवून निवृत्त झालेले मास्तर. मास्तरांनी उभं आयुष्य भजन स्पर्धांत परीक्षण केलं आहे. त्यांनी एकच अट घातली : गुणपत्रिका नीट आखलेली हवी.

चिठ्ठ्या आठवडाभर आधी टाकल्या. पदार्थांसाठी मी एवढंच सांगितलं होतं की म्हापशाच्या मोठ्या दुकानातून महागडं काही आणू नका. आपल्या सैपाकघरात जे आहे त्यातून त्या देशाकडे पोचा. आइसलंडची चिठ्ठी काकींना आली. तिथे वाळवलेले मासे खातात असं भाचीनं सांगताच काकींनी सुक्या सुंगटांचं किस्मूर केलं. शनिवार पाळणारे तेवढे त्यापासून दूर राहिले. लाटव्हियाची राय धान्याची काळी भाकरी प्रसिद्ध, तिच्या जागी नाचणीची भाकरी आली. ग्रीसचं काकडी-दह्याचं कालवण आमच्या तवशाच्या कोशिंबिरीपासून फारसं लांब नव्हतं. ऑस्ट्रियात सफरचंदाचं सारण पातळ पोळीत गुंडाळून भाजतात. जाऊबाईंनी मानकुराद आंब्याचं सारण भरलं, आणि पहिलं ताट तेच रिकामं झालं.

पोर्तुगालची चिठ्ठी शेजारच्या तरुणाला आली होती. तो रिकाम्या हातानं आला आणि म्हणाला, “पोर्तुगालचं काय वेगळं आणू? सगळं ताटातच आहे.” खरंच होतं. पोदेराकडचे उंडे, तोणाकातला बटाटा, मिरची, वाटणावर घातलेले काजू. मिरची, बटाटा आणि काजू अमेरिका खंडांतून पोर्तुगीजांच्या गलबतांवरून आले, पावाची भट्टी त्यांनीच आणली, आणि आता त्यांच्याशिवाय पेडण्यातलं एकही जेवण उभं राहत नाही. जुलमाची राजवट गेली तरी ताटातलं राहिलं, ते आपलं झालं म्हणून. मुलांना ही गोष्ट इतिहासाच्या धड्यापेक्षा तोणाकाच्या वाटीतून लवकर कळली.

गुणपत्रिका मास्तरांनीच आखली. मोठ्या कागदावर २६ ओळी, आणि भजन स्पर्धेत असतात तसे रकाने : स्वर, ताल, उच्चार, सादरीकरण. मी विचारलं, भाषा येत नसताना उच्चाराला गुण कसे देणार? ते म्हणाले, “शब्द कळायची गरज नाही. शब्द पूर्ण सुटतो की तोंडातच राहतो, एवढं ऐकायचं. शब्द कळत नाहीत तेव्हा माणूस सूर जास्त नीट ऐकतो.” कागदाच्या तळाला त्यांनी लाल शाईनं एक ओळ लिहिली : आपल्या चिठ्ठीतल्या देशाला गुण देऊ नयेत.

ओसरीवर चादर ताणून प्रोजेक्टर लावला. वळवाच्या पावसाची धास्ती होती म्हणून इन्व्हर्टर भरून ठेवला. मुलांनी झेंड्यांचं कागदी तोरण केलं. यूट्यूबवर थेट प्रक्षेपण सुरू झालं तेव्हा काकी टाळ घेऊनच बसल्या होत्या.

बाझल ते पेडणे

पहिली काही गाणी झगमगाटात गेली. दिवे, धूर, नाच. मुलं खूश, मास्तरांची पेन्सिल सावकाश चालत होती. एस्टोनियाच्या टॉमी कॅशचं कॉफीवरचं गाणं आलं आणि मुलं त्याच्यासारखी पाय लटपटवत नाचली. मास्तरांनी तालाला भरभरून गुण दिले, स्वराला हात आखडता घेतला.

नववं गाणं ऑस्ट्रियाचं. जेजे नावाचा तरुण गायक, आई फिलिपिन्सची, शिक्षण व्हिएन्नात शास्त्रीय ऑपेराचं. काळ्या-पांढऱ्या चित्रात वादळात सापडलेली छोटी नाव, आणि पुरुषाच्या गळ्यातून निघणारा स्त्रीसारखा उंच स्वर. ओसरीवरची कुजबुज थांबली. इथल्या लोकांनी दशावतारात पुरुषानं केलेली स्त्रीपार्टी लहानपणापासून पाहिली आहे. पुरुषाच्या गळ्यातल्या नाजूक स्वराचं त्यांना नवल वाटलं नाही, त्यामागच्या तयारीचं वाटलं. गाणं शेवटाला एकदम नाचाच्या ठेक्यावर गेलं तेव्हा मास्तर नाराज झाले. “एवढा चढवलेला स्वर मध्येच सोडला,” ते म्हणाले. तरीही स्वराच्या रकान्यात त्यांनी रात्रीतले सर्वाधिक गुण तिथेच मांडले.

मग आइसलंड, आणि त्यानंतर लाटव्हिया. ताउतुमेइतास नावाच्या सहा बायकांचा चमू. लोकगीतांच्या वळणाचं गाणं, एकीच्या स्वरावर दुसरीचा स्वर चढवत जाणारं, आणि शब्द त्यांच्या स्वतःच्या लाटव्हियन भाषेतले. काकी पुढे सरकल्या. “आगो, ह्यो आमच्या धालांतल्योच बायलो!” त्यांच्या मैत्रिणींनी मान डोलावली. धालोत दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात, एक रांग ओळ टाकते, दुसरी उचलते. हातांची साखळी सुटत नाही. बाझलच्या मंचावर रांगा नव्हत्या, पण ओळ टाकणं आणि उचलणं तेच होतं. गाणं संपल्यावर काकींनी दुसऱ्या सुराची जागा गुणगुणून दाखवली, अचूक. लाटव्हियाची लोकसंख्या गोव्यापेक्षा फार मोठी नाही, साधारण अठरा-एकोणीस लाख. एवढ्या लहान भाषेतलं गाणं कोट्यवधी लोकांसमोर उभं राहिलेलं पाहून त्या बायकांच्या चेहऱ्यावर जे दिसलं, त्यासाठीच ही रात्र केली असं मला वाटलं.

पोर्तुगालचं गाणं एकविसावं. नापा हा चमू मदैरा बेटावरचा, गाण्याचं नाव ‘देश्लुकादु’, म्हणजे आपल्या जागेवरून हललेला. बेट सोडून शिक्षणासाठी, कामासाठी मुख्य भूमीवर गेलेल्या माणसाला घराची ओढ लागते, एवढाच विषय. मंचावर आतषबाजी नाही, नाच नाही. गिटार, पियानो आणि साधं गाणं. भाचीनं भावजींना अर्थ सांगितला. भावजींच्या आयुष्याचा निम्मा हिस्सा बोटीवर गेला आहे. ते काही बोलले नाहीत, पण आपल्या कागदावर त्यांनी बारा लिहिले. गोव्यातल्या किती घरांचं हे गाणं आहे! मुंबईला गेलेले, आखातात गेलेले, बोटीवर चढलेले, पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडला स्थायिक झालेले. घराची ओढ मदैरात आणि पेडण्यात वेगळी नसते.

स्वीडनकडून गायलं ते फिनलंडमधल्या व्होरो गावाचं त्रिकूट. तिथे स्वीडिश बोलतात, तीही खास त्या गावच्या वळणाची. गाणं वाफेच्या स्नानावर, त्या बोलीतच. स्वीडननं १९९८ नंतर पहिल्यांदा स्वीडिशमधलं गाणं पाठवलं, आणि तेही सीमेपलीकडच्या बोलीतलं. पेडण्यात हे सांगावं लागत नाही. आमचं बोलणं बांदा-सावंतवाडीकडच्या बोलण्यात मिसळतं, पणजीत त्याला वेगळं म्हणतात आणि पुण्यात आणखी वेगळं. त्या त्रिकुटाच्या गाण्याच्या नावातच ‘बारा’ ऐकून मुलांनी त्याला बाराच गुण देऊन टाकले.

परीक्षक आणि लोक

गुण जाहीर होऊ लागले तेव्हा अर्धी मुलं चटईवर झोपली होती. जागे होते ते मोठे. आणि खरी चर्चा तेव्हाच रंगली, कारण परीक्षकांचा कौल एक आणि लोकांचा दुसरा, हे इथे प्रत्येकानं आपल्या गावच्या स्पर्धेत अनुभवलं आहे.

यजमान स्वित्झर्लंडच्या झोए मे हिला परीक्षकांनी २१४ गुण दिले. त्यांच्या यादीत ती दुसरी. मग प्रेक्षकांचे गुण आले : शून्य. ओसरीवर कुणी हसलं नाही. मास्तर म्हणाले, “तिचं गाणं हळू होतं, आतलं होतं. लोकांना पहिल्यांदा ऐकून ते पोचत नाही. परीक्षकाचं काम तेच, जे पहिल्यांदा पोचत नाही ते धरायचं. आणि लोकांचं काम परीक्षकाला विसर पडलेलं सांगायचं.” शेवटी परीक्षकांत पहिल्या आलेल्या ऑस्ट्रियाला प्रेक्षकांचीही पुरेशी साथ मिळाली आणि ४३६ गुणांनी जेजे जिंकला. पोर्तुगाल ५० गुण घेऊन एकविसावा. लाटव्हिया तेरावी.

आमच्या घराचा निकाल वेगळा लागला. लाटव्हिया पहिली, पोर्तुगाल दुसरा, ऑस्ट्रिया तिसरा. मास्तरांनी तो कागदावर लिहून खाली सही केली. पोर्तुगालची चिठ्ठी आलेल्या तरुणानं आपल्या देशाला एकही गुण दिला नव्हता, नियमाप्रमाणे; त्याचे बारा लाटव्हियाला गेले होते, आणि काकींनी ते सगळ्यांना दोनदा सांगितलं.

याच स्पर्धेत २०१७ मध्ये पोर्तुगाल पहिल्यांदा जिंकला, पदार्पणानंतर ५३ वर्षांनी. साल्व्हादोर सोब्राल हा गायक गंभीर हृदयविकारानं आजारी होता. बहीण लुईझानं लिहिलेलं ‘अमार पेलुश दोइश’ त्यानं एकट्यानं, शांतपणे, पोर्तुगीजमध्येच गायलं आणि ७५८ गुण मिळवले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याच्यावर हृदयरोपण झालं. विजयानंतर तो मंचावरून जे बोलला त्याचा सारांश असा की संगीत म्हणजे आतषबाजी नव्हे, भावना आहे. भजनी परंपरेत वाढलेल्या माणसाला हे पटवून द्यावं लागत नाही.

गाणं आणि जगाचं भांडण

ही स्पर्धा राजकारणापासून अलिप्त असल्याचं आयोजक सांगतात. तिचा इतिहास मात्र वेगळं सांगतो. १९६४ मध्ये पोर्तुगाल पहिल्यांदा उतरला त्याच कोपनहेगनच्या मंचावर एक माणूस स्पेनचे हुकूमशहा फ्रांको आणि सालाझार यांच्यावर बहिष्कार घालण्याचा फलक घेऊन चढला होता. पोर्तुगालला त्या वर्षी शून्य गुण मिळाले. गोवा मुक्त होऊन तेव्हा सव्वादोन वर्षं झाली होती.

२०२२ मध्ये युक्रेनवरच्या आक्रमणानंतर रशियाला स्पर्धेबाहेर काढण्यात आलं, आणि ट्युरिनमध्ये युक्रेनच्या कालुश ऑर्केस्ट्राला लोकांनी ४३९ गुण देऊन जिंकवलं. गाझातल्या युद्धावरून इस्रायलच्या सहभागाला २०२४ पासून तीव्र विरोध होतो आहे. २०२५ मध्ये प्रेक्षकांचे सर्वाधिक गुण इस्रायललाच मिळाले आणि त्यावरून वाद पेटला. २०२६च्या स्पर्धेतून माघार घेण्याचा इशाराही काही देशांनी दिला. हे सगळं पेडण्याच्या किनाऱ्याला दूरचं नाही. मोरजीत दुकानांवर रशियन पाट्या आहेत; हरमलला रशिया, युक्रेन, इस्रायल या तिन्ही देशांतली माणसं एकाच रस्त्यानं चालताना दिसतात. त्यांच्या देशांची भांडणं आपल्याला मिटवता येणार नाहीत. पण ज्यांच्या येण्या-जाण्यावर आपल्या किनारी गावांचा हंगाम उभा राहतो, त्यांची दुःखं आणि त्यांची गाणी आपण ओळखायलाच हवीत. ओसरीवर त्या रात्री इस्रायलच्या गाण्यावरून वाद झाला, गाझावरूनही झाला. आवाज चढले, आणि पुढचं गाणं सुरू होताच सगळे पुन्हा ऐकायला बसले. मला ते बरं वाटलं. वाद टाळून ऐकण्यापेक्षा वाद घालून ऐकणं जास्त प्रामाणिक.

बारा तालुके, बारा गुण

बाझलनंतरची स्पर्धा व्हिएन्नात ठरली. अंतिम फेरी १६ मे २०२६ची, म्हणजे आपल्याकडे शनिवारची मध्यरात्र उलटून साडेबाराला. ज्यांना जागरण झेपत नाही त्यांनी निकाल कानावर पडू न देता रविवारी संध्याकाळी मुलांना घेऊन पाहावी. गुणपत्रिका तेवढी हातात असू द्यावी. गावच्या वाचनालयानं, भजनी मंडळानं, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी हे सहज करता येईल. खर्च म्हणजे एक चादर, इंटरनेट आणि ज्याच्या त्याच्या घरचं एक ताट.

पण त्याहून मोठी गोष्ट करता येईल असं मला मनापासून वाटतं. गोव्यात बारा तालुके आहेत. सासष्टीचा मांडो पेडण्यातल्या किती मुलांनी समोर बसून ऐकला आहे? पेडण्याची घुमट आरती मडगावात किती जणांना माहीत आहे? काणकोण, सांगे, केपेकडची आदिवासी बायकांची गाणी डिचोलीपर्यंत पोचतात का? भाषेच्या वादात आपण साठ वर्षं एकमेकांवर बोललो. एकमेकांचं गाणं ऐकायला तेवढा वेळ दिला नाही. प्रत्येक तालुक्यानं तीन मिनिटांचं एक गाणं पाठवावं, कोकणीत, मराठीत, ज्याला जे आपलं वाटतं त्या बोलीत. बाकी अकरांपैकी दहांना गुण द्यावेत, एक ते आठ, दहा आणि बारा. आणि मास्तरांनी लाल शाईनं लिहिलेला तो नियम तिथेही असावा : आपल्या तालुक्याला गुण देऊ नयेत.

पेडण्याचे बारा सासष्टीला जातील की सत्तरीला, हे मला आज सांगता येत नाही. ते ठरवण्यासाठी पेडणेकरांना त्या रात्री अकरा तालुक्यांची गाणी नीट ऐकावी लागतील. मला हवं आहे ते एवढंच, आणि आपल्या माणसांना ते सहज जमेल याची खात्री मला त्या ओसरीवर पटली.